मशीन चालू, डिस्प्ले बंद

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत पहिली शिफ्ट लागली की थोड्याच वेळात मेंटेनन्सवाल्यांचे फोन सुरू होतात. त्यांतला एक फोन ठरलेला: "मशीन चालू आहे, पण डिस्प्ले गेलाय." सर्व्हो ठीक, स्पिंडल ठीक, टरेट फिरतोय, प्रोग्रॅम मेमरीत शाबूत. फक्त पॅनेलवरची 9 इंची काच काळी. ऑपरेटरला ऑफसेट दिसत नाही, अलार्म वाचता येत नाही, म्हणून सगळं मशीन उभं. हा फोन आला की पिशवी उचलून टी ब्लॉक, एस ब्लॉक, लांडेवाडी, तळवडे आणि थेट चाकणजवळच्या म्हाळुंगेपर्यंत जाण्यात ज्यांची उमेदीची वर्षं गेली, अशा एका कारागिराचा हा अनुभव. जुन्या यंत्राचं चित्र नव्या पडद्यावर आणणं हे त्यांचं काम. याच कामातून पुढे ते जुन्या व्हिडिओ गेमच्या आणि घरगुती कॉम्प्युटरच्या दुरुस्तीकडे वळले. तिथे जे शिकले, ते त्यांनी पुन्हा कारखान्यात वापरलं.

त्यांची सुरुवात पिंपरी कॅम्पातल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात झाली. पिक्चर ट्यूब, एलओटी, ड्राय सोल्डर, फुगलेले कपॅसिटर ही तिथली रोजची भाषा. पुढे एका ओळखीच्या मेंटेनन्सवाल्याने सीएनसी लेथचा मॉनिटर दुकानात आणून ठेवला. मागचं झाकण उघडल्यावर लक्षात आलं, की हा ट्यूनर नसलेला टीव्हीच आहे. एका रंगाची ट्यूब, आडवं-उभं डिफ्लेक्शन आणि आत येणाऱ्या तीन सिग्नलच्या तारा: एक चित्राची, दोन सिंकच्या. टेल्को आणि बजाजसारख्या मोठ्या कारखान्यांभोवती भोसरीत जॉबवर्कची हजारो शेड उभी राहिली होती. अनेकांकडे फॅनुक कंपनीच्या 0 मालिकेचे कंट्रोल असलेली सीएनसी मशीन होती. कामाला तोटा नव्हता.

त्या ट्यूबांची हालत बघण्यासारखी असे. वर्षानुवर्षं दोन-तीन शिफ्ट तेच पोझिशनचं पान उघडं राहिल्याने एक्स आणि झेड ही अक्षरं काचेच्या आतल्या फॉस्फरवर कायमची जळालेली. वीज बंद केली तरी ती वाचता येत. अशी ट्यूब दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. टीव्ही कंपन्यांनी ट्यूब बनवणं थांबवलं तशी बदलायला ट्यूब मिळेनाशी झाली. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत पाय झिजवूनही हाती लागायची ती कुणीतरी आधी वापरलेली, अर्धा उजेड गमावलेली ट्यूब.

मग सगळेच विचारायला लागले, "एलसीडी लाव ना!"

एलसीडी लावणं म्हणजे नुसती पिन जुळवणं नाही, हे समजावताना त्यांची बरीच शक्ती खर्च झाली आहे. जुना पडदा एका सेकंदात आडव्या किती रेघा ओढतो, यावर सगळं ठरतं. आपल्याकडच्या दूरदर्शनच्या पाल पद्धतीत 625 रेघांचं चित्र सेकंदाला 25 वेळा पुरं होतं, म्हणजे सेकंदाला 15,625 रेघा. अमेरिकी-जपानी पद्धतीत हा आकडा साधारण 15,734. आयबीएमच्या 1981 मधल्या सीजीए कार्डाचा 15,700. फॅनुकचा तो छोटा मॉनिटर, ऐंशीच्या दशकातले घरगुती कॉम्प्युटर, टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम, आर्केडमधल्या मोठ्या पेट्या, बहुतेक सगळे याच 15 किलोहर्ट्झच्या घरातले. 1987 साली व्हीजीए आलं आणि आकडा दुप्पट झाला, सुमारे 31.5 किलोहर्ट्झ. त्यानंतरचे बहुतेक कॉम्प्युटर मॉनिटर त्याखालचं काही ओळखतच नाहीत. तार बरोबर लावली तरी पडद्यावर "आउट ऑफ रेंज" अशी पाटी येते, आणि मालक म्हणतो, "नवीन मॉनिटरपण खराब निघाला."

मॉनिटर खराब नसतो आणि मशीनही. दोघांच्या मध्ये बसून रेघा पकडणारा, मोजणारा आणि नव्या वेगाने पुढे पाठवणारा कुणीतरी लागतो. तो म्हणजे स्केलर.

भोसरीत हे काम रुळलं ते जीबीएस-8200 नावाच्या एका चिनी बोर्डामुळे. हातावर मावेल एवढा, 5 व्होल्टवर चालणारा, एका बाजूला 15 किलोहर्ट्झचे सिग्नल घेणारा आणि दुसऱ्या बाजूला व्हीजीए देणारा. आर्केड गेमच्या जुन्या पेट्यांत ट्यूबऐवजी एलसीडी बसवणारे जगभरचे हौशी लोक तोच बोर्ड वापरत होते. एकच वस्तू मुलांच्या खेळाच्या पेटीत आणि कारखान्याच्या लेथमध्ये बसते, याचं त्यांना तेव्हा नवल वाटलं होतं. आज वाटत नाही, कारण यंत्र पाठवतं ते चित्र एकाच जातीचं असतं.

बोर्ड लावला की चित्र येतं. मालक खूश होतो, बिल मागतो. कारागिराचं खरं काम तिथून सुरू होतं.

पोझिशनचं पान उघडून ते आधी आकड्यांकडे बघतात: 3, 6, 8 आणि 0. जुनी ट्यूब चित्राला ठिपक्यांत तोडत नव्हती. विजेचा झोत जसा येईल तसा उजळत होती. स्केलर मात्र प्रत्येक रेघ ठरावीक ठिकाणी कापून त्या त्या क्षणीचा उजेड मोजतो. यंत्राने एका रेघेत जेवढे ठिपके धरले आहेत तेवढेच स्केलरने धरले, तर अक्षर स्वच्छ येतं. सीजीएच्या 640 ठिपक्यांच्या पानात एका रेघेला, कडेचा न दिसणारा भाग धरून, 912 ठिपके असतात. स्केलरने त्याऐवजी 900 धरले की पडद्यावर काही ठिकाणी अक्षरांच्या उभ्या दांड्या जाड होतात, काही ठिकाणी गायब होतात. 8 ची डावी बाजू पुसली गेली की तो 3 दिसतो. वेअर ऑफसेटमध्ये 0.8 च्या जागी 0.3 वाचला तर जॉब रिजेक्ट होतो, आणि लांबीच्या ऑफसेटमध्ये चुकलं तर टूल चकवर जातं. आकडे नीट वाचता येईपर्यंत बटणं दाबत, फेज पुढे-मागे सरकवत ते मशीनसमोर उभे राहतात. घाईतल्या सेटरला ते एकच सांगतात, "दादा, चित्र आलंय, पण अजून वाचण्यालायक झालेलं नाही."

आपल्या धंद्यातला पहिला मोठा धडा ते हाच मानतात. दिसणं आणि वाचता येणं या दोन पायऱ्या आहेत, आणि घाईत बसवलेल्या कितीतरी एलसीडी पहिल्या पायरीवरच अडकलेल्या असतात.

दुसरा धडा व्होल्टेजचा. रंगीत मॉनिटर असलेल्या बऱ्याच जुन्या कंट्रोलमध्ये लाल, हिरवा, निळा हे सिग्नल टीटीएल पातळीचे असतात, म्हणजे रंग हवा तेव्हा जवळपास 5 व्होल्ट, नको तेव्हा शून्य. व्हीजीए जातीच्या इनपुटला मात्र 75 ओहमवर जास्तीत जास्त 0.7 व्होल्ट लागतात. सरळ जोडलं तर सगळे रंग भाजल्यासारखे पांढरट होतात आणि बोर्डाची चिप जायची भीती असते. मध्ये 470 ओहमचा एक रेझिस्टर टाकला की हिशोब जमतो: 5 गुणिले 75, भागिले 545, म्हणजे 0.69 व्होल्ट. काही पैशांचा पार्ट आहे. तो नसल्यामुळे मेलेले बोर्ड त्यांनी इतके पाहिलेत, की शिकायला येणाऱ्या मुलाकडून सोल्डरिंगच्या आधी ते हा हिशोब कागदावर करून घेतात.

भोसरीत औद्योगिक सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे अशी कामं गुरुवारी निघतात आणि शेडमध्ये कुणी नसतं. तिथे एक धोका असतो. फॅनुकच्या त्या जुन्या कंट्रोलमध्ये प्रोग्रॅम, ऑफसेट आणि पॅरामीटर बॅटरीवर जिवंत राहतात, आणि बॅटरी मशीन चालू असतानाच बदलायची असते. डिस्प्ले बंद पडून आठवडे लोटले असतील तर बॅटरी कमी झाल्याची सूचना कुणी वाचलेलीच नसते. अशा वेळी डिस्प्ले बदलायला म्हणून मेन स्विच खाली केला, की पडदा नवा आणि मेमरी कोरी. म्हणून कोणत्याही शेडमध्ये गेल्यावर ते आधी बॅटरीचं व्होल्टेज मोजतात, पॅरामीटरची यादी कुठे लिहून ठेवलीय ते विचारतात, आणि मगच पान्याला हात लावतात.

चाकणच्या बाजूला एका कारखान्यात बसवलेला डिस्प्ले टेबलावर सुरेख चालला, मशीनवर मात्र आडव्या लाटा मारू लागला. स्पिंडल थांबला की चित्र स्थिर, स्पिंडल वेग घेऊ लागला की अक्षरं डुलायला लागत. बोर्ड बदलला, केबल बदलली, तरी तेच. शेवटी कारण सापडलं ते तारांच्या वाटेत. व्हिडिओची केबल स्पिंडल ड्राइव्हच्या जाड तारांना चिकटून एकाच डक्टमधून गेली होती, आणि तिचं शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केलेलं होतं. केबल वेगळ्या वाटेने नेली, शील्ड एकाच टोकाला जोडलं, 24 व्होल्टवरून 5 व्होल्ट करणाऱ्या सप्लायला फिल्टर लावला, आणि लाटा थांबल्या. घरात टीव्हीला गेम जोडणाऱ्याला हा त्रास क्वचितच होतो. कारखान्यात निम्मं काम हेच.

खेळाच्या दुनियेत ते शिरले ते एका सेटरमुळे. त्याने डब्याच्या पिशवीतून लहानपणीचा व्हिडिओ गेम काढून टेबलावर ठेवला. समुराई, मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर या नावांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून भारतात जे गेम घराघरांत गेले, ते बहुतेक सगळे निन्टेन्डोने 1983 मध्ये जपानात आणलेल्या फॅमिकॉमची रूपं. सेटरचा मुलगा घरच्या मोठ्या एलईडी टीव्हीवर तो लावून बघत होता. चित्र येत होतं, पण मारिओ खड्ड्यात पडत होता. बाप म्हणत होता, "मी इतका वाईट खेळत नव्हतो."

बापाचं बरोबर होतं. जुन्या ट्यूबवर गेमचा ठिपका पोहोचायचा त्याच क्षणी उजळायचा. नवा टीव्ही आधी अख्खं चित्र साठवतो, त्यावर प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो. 60 हर्ट्झला एक चित्र म्हणजे 16.7 मिलिसेकंद. टीव्हीने अशी चार-पाच चित्रं मागे ठेवली तर बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडी मारतो. दुसरी गोम अशी, की हे गेम पूर्ण टीव्ही-चित्र पाठवतच नव्हते. टीव्हीवर सम आणि विषम रेघा आलटून-पालटून येतात. गेम दर वेळी त्याच 240 रेघा पुन्हा पाठवायचे. ट्यूबला काही फरक पडत नव्हता. नवा टीव्ही त्यांना दोन अर्धी चित्रं समजून एकमेकांत मिसळतो. सावल्या, लुकलुकणारे शत्रू आणि पुसट कडा येतात त्या यातून.

आधी त्यांनी टीव्हीतला "गेम मोड" चालू केला. निम्मा उशीर तिथेच गेला. पैसे खर्च करण्याआधी प्रत्येकाने हे करून बघावं, असं ते आवर्जून सांगतात. मग आरएफ मॉड्युलेटरच्या डबीत जाणारा व्हिडिओ तिच्या आधीच काढून घेतला, कारण अँटेनाच्या वाटेने जाणारं चित्र विनाकारण खराब होतं. ॲडॅप्टर लावताना पोलॅरिटी मीटरने तपासली. फॅमिकॉमच्या मूळ ॲडॅप्टरच्या पिनेत मधला भाग निगेटिव्ह असतो, आणि बाजारातला कुठलाही 9 व्होल्टचा ॲडॅप्टर घातला तर गेम कायमचा जाऊ शकतो.

एक गोष्ट मात्र जमली नाही, आणि ती जमणार नाही हे त्यांनी त्या बापलेकांना स्पष्ट सांगितलं. बदकं मारायची बंदूक. चाप ओढला की गेम क्षणभर पडदा काळा करून बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड शोधतो. निन्टेन्डोच्या मूळ बंदुकीतलं सर्किट ट्यूबच्या 15 किलोहर्ट्झच्या लुकलुकीलाच ओळखतं. एलसीडीवर ती लुकलुक नाही आणि उजेड उशिरा येतो. कितीही महाग स्केलर आणला तरी ती बंदूक तिथे आंधळीच. ज्याला बदकं मारायची आहेत त्याने ट्यूबचा टीव्ही सांभाळून ठेवावा.

त्या एका गेममुळे ओळखीतून ओळख निघत गेली. कुणाच्या माळ्यावर स्पेक्ट्रम हा जुना घरगुती कॉम्प्युटर निघाला. भारतात 1986 पासून डेसिबेल्स कंपनी तो परवान्याखाली विकत होती. शाळांत कॉम्प्युटर शिकवायला 1984 मध्ये केंद्र सरकारने क्लास प्रकल्प सुरू केला होता, त्यातल्या बीबीसी मायक्रोच्या आठवणी काढणारे लोक भेटले. स्पेक्ट्रमचं चित्र सेकंदाला 50 वेळा येतं, 312 रेघांचं. आजच्या मॉनिटरला 60 ची सवय, त्यामुळे सरकणारं चित्र धक्के खात जातं. गेमवाल्याला ते लगेच टोचतं. लेथवाल्याला त्याचं काहीच वाटत नाही, कारण त्याचे आकडे जागेवर उभे असतात.

इथे त्यांचं मत पक्कं झालं. सगळ्यात चांगला स्केलर असा काही नसतो, आधी कोण बघणार आहे ते विचारायचं. फिनलंडच्या मार्कस हिएनकारी यांचा ओएसएससी चित्र साठवतच नाही, आलेली रेघ दोन, तीन, चार, पाच वेळा लगेच पुढे पाठवतो. उशीर जवळपास शून्य, पण त्याला आरजीबी किंवा कंपोनंट सिग्नल हवा. समुराईच्या पिवळ्या पिनेचं कंपोझिट तो घेत नाही. माइक ची यांचे रेट्रोटिंक मात्र कंपोझिटही घेतात. त्यांचा 2023 मध्ये आलेला 4के जातीचा स्केलर तर ट्यूबच्या काचेची जाळीसुद्धा दाखवतो. 4के पडद्यावर 2160 रेघा असतात आणि 240 ला 9 ने गुणलं की बरोबर 2160 होतात, त्यामुळे प्रत्येक जुनी रेघ नेमक्या नऊ नव्या रेघांत बसते. साध्या 1080 वर हा भागाकार साडेचार येतो, म्हणून तिथे काही रेघा जाड, काही बारीक दिसतात. पण हे महाग काम आहे, आणि तेलाच्या वाफेत काळवंडणाऱ्या पॅनेलमध्ये त्याला काही अर्थ नाही.

हौशी लोकांचं ऋण ते मोकळेपणाने मानतात. त्याच जीबीएस बोर्डाला एक छोटी वायफाय चिप जोडून नवा प्रोग्रॅम चालवायचा, मग मूळ प्रोग्रॅममधला पुसटपणा आणि उशीर बराच कमी होतो. जीबीएस-कंट्रोल हे काम हौशींनी केलं आणि फुकट वाटलं. बीबीसी मायक्रोसाठी इंग्लंडमधल्या हौशींनी रास्पबेरी पाय झिरोवर आरजीबी-टू-एचडीएमआय तयार केलं. ते टीटीएल सिग्नल सरळ घेतं आणि प्रत्येक ठिपका जसाच्या तसा मांडतं. या कारागिराने तेच एका जुन्या रंगीत कंट्रोलवर लावून पाहिलं. ठिपके मोजून आकडे भरल्यावर 3 आणि 8 असे ठसठशीत आले, की चष्मा न लावता ऑपरेटरने वाचून दाखवले.

कंट्रोल बदलायचा सल्ला अनेक मालकांना मिळतो. खर्च लाखांत जातो. मशीनच्या गाइडवे झिजल्या असतील, ड्राइव्हचे पार्ट मिळत नसतील, तर तो सल्ला योग्य आहे आणि ते स्वतःही तसं सांगतात. पण निव्वळ पडदा गेला म्हणून धडधाकट मशीन भंगारात निघतं तेव्हा त्यांना मनापासून वाईट वाटतं. कुदळवाडीच्या भंगार गोदामांत असे कंट्रोल पॅनेल वजनावर विकले जात. 2025 च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवड महापालिकेने तिथली हजारो शेड पाडली. त्याआधीपर्यंत जुने कनेक्टर, अस्सल केबल, एखादी न जळालेली ट्यूब त्यांनी तिथूनच मिळवली. आता तो मार्गही बंद.

शिकायला येणाऱ्यांना ते शेवटी ट्यूबच्या मागची लाल तार दाखवतात. वीज काढून टाकल्यावरही तिथे हजारो व्होल्टचा साठा राहू शकतो. तो उतरवल्याशिवाय कुणी हात घालायचा नाही, यूट्यूब बघून तर मुळीच नाही. आणि ट्यूब फोडायची नाही: काचेत शिसं असतं, ती परवानाधारक ई-कचरा केंद्रातच द्यायची.

ज्यांच्या शेडमध्ये जुनं सीएनसी आहे किंवा माळ्यावर जुना गेम पडला आहे, त्यांनी पडदा चालू आहे तोवरच थोडं काम करून ठेवावं. प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. मॉनिटरच्या मागचं लेबल, कनेक्टरचे पिन नंबर आणि तारांचे रंग वहीत लिहा. पॅरामीटर कागदावर उतरवून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. ॲडॅप्टरवर कोणत्या यंत्राचा आहे ते मार्करने लिहा. पडदा बंद पडल्यावर यातलं बरंच काही करता येत नाही, आणि दुरुस्तीला येणाऱ्या माणसाचा निम्मा दिवस हीच माहिती शोधण्यात जातो.